आईच्या तोंडावरचा वारा: मखमलाबाद ते धरमपूर

धरमपूरला जाऊन आलो असं सांगितलं की लोक विचारतात, तिथे पाहण्यासारखं काय आहे? मी सांगतो, मावशी आहे. मग लोकांचा उत्साह मावळतो. नाशिकहून पेठ रस्त्याला लागायचं, दोन घाट पार करायचे, गुजरातची हद्द ओलांडायची आणि दुपारच्या जेवणाला पोहोचायचं, एवढाच हा प्रवास. लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. आम्हाला तो करायला नऊ वर्षं लागली, म्हणून लिहून ठेवतोय.

नऊ वर्षांचं कारण म्हणजे माझी आई. तिला गाडी लागते. लागते म्हणजे किती, तर मखमलाबादच्या आमच्या मळ्यातून नाशिकच्या अशोकस्तंभापर्यंत रिक्षाने गेली तरी उतरल्यावर दहा मिनिटं कुणाच्या तरी ओट्यावर डोकं धरून बसते. एसटीचं नुसतं तिकीट पाहिलं तरी तिला मळमळतं, असं माझी बायको मंगल म्हणते, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. धरमपूरला तिची सख्खी थोरली बहीण दिलेली. पूर्वी आई दोन-चार वर्षांनी एकदा हिंमत करून जायची आणि पोहोचल्यावर पहिला दिवस आडवी पडून काढायची. नऊ वर्षांपूर्वी वयामुळे आईचं जाणं थांबलं, तेव्हा मावशीच दर दिवाळीला इकडे येऊ लागली.

मग मावशी न्हाणीत पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण लांबचा प्रवास डॉक्टरांनी कायमचा बंद केला. तिने फोनवर आईला सांगितलं, "सुमन, मी आता यायची नाय. बघायचं असंल तर तूच ये." आईने फोन ठेवला आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. आईला धरमपूरला न्यायचंच, असं मी त्या मोरीच्या दारात उभं राहून ठरवलं.

मखमलाबाद

आशेला एक जागा होती. इगतपुरीहून भाचीच्या लग्नानंतर परतताना आईला नवरदेवाकडच्यांच्या एसी गाडीत पुढे बसवलं होतं. समोरच्या जाळीतून गार वारा थेट तोंडावर येत होता आणि आई नाशिकपर्यंत ठणठणीत आली. त्यावरून घरात सिद्धांत पक्का झाला की आईच्या तोंडावर गार वारा ठेवला तर आई कुठेही जाऊ शकते. त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ रमेश मळ्यातली फुलं बाजारात नेण्यासाठी गाडी शोधत होता. आम्ही दोघांनी मिळून चार दारांची, दहाएक वर्षं जुनी, एसी असलेली पिकअप घेतली. पुढे माणसं आणि मागे झेंडू, असा तिचा संसार सुरू झाला. रमेश पहाटे फुलबाजारात निघाला की पहिल्या तोडणीतली ओंजळभर फुलं समोरच्या काचेपाशी वाहिल्याशिवाय आई गाडी सोडत नसे.

दीड वर्षाने मावशीचा तो फोन आला आणि आम्ही पहिल्यांदाच एसी मन लावून चालू केला. पंखा चारवर टाकला, गाडी रों रों करू लागली आणि सगळा गारवा पायाशी पडू लागला. पायांना काश्मीर आणि तोंडाला जळगाव. समोरच्या जाळ्यांतून मेलेल्या माणसाचा श्वास यावा एवढाही वारा नव्हता.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका गॅरेजवाल्याने गॅस कमी आहे असं सांगून गॅस भरला. त्यानंतर पाय आणखी गार पडू लागले, आई माझे लोकरी मोजे घालून चाचणीला बसू लागली. दुसऱ्याने पंख्याची मोटर बदलली. वाऱ्याचा आवाज तेवढा दुप्पट झाला. तिसऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं, "विकायचीय का?"

मग मी स्वतः बाह्या सरसावल्या. माझी उभी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, बॉयलरला हवा नेणाऱ्या मोठाल्या नळांच्या देखभालीत चालली आहे. त्या नळांतून माणूस ताठ उभा राहून चालू शकतो आणि आतल्या झडपा आमच्या घराच्या दारापेक्षा मोठ्या असतात. अशा माणसाने पिकअपच्या खोक्याएवढ्या एसीपुढे हात टेकायचे म्हणजे शरमेची गोष्ट. मी मंगलला कागदावर चित्र काढून समजावलं. वारा एका पेटीत तयार होतो. तिथून त्याला तीन वाटा असतात, एक पायाशी, एक तोंडाशी आणि एक समोरच्या काचेशी. कुठली वाट उघडायची ते झडप ठरवते. झडप हलते डॅशबोर्डवरच्या दांडीने, आणि दांडी व झडप यांच्यामध्ये एक तार असते. ती तार आपल्या खाचेतून सुटलेली मला सापडली. मी ती बारीक वायरने बांधून टाकली.

दांडी सरकवली आणि समोरच्या जाळीतून वारा आला. थोडा बारीक होता, पण आला. आई डोळे मिटून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "इगतपुरीसारखा नाय, पर चालंल." मी तेवढ्यात तीन शेजाऱ्यांना आणि एकलहऱ्याला फोन करून दोन सहकाऱ्यांना ही बातमी सांगितली. मंगल म्हणाली, "अहो, अजून गल्लीच्या बाहेर तरी गेलोय का आपण?" तिच्या या स्वभावामुळे घरात आनंद फार टिकत नाही.

सावळघाट

मार्च संपत आला होता. सकाळी सातला निघालो. पुढे मी आणि आई, मागच्या बाकावर मंगल, आणि तिच्या शेजारी मावशीसाठी मोगऱ्याची, गुलाबांची टोपली. आईची तयारी एखाद्या मोहिमेसारखी होती. आवळा सुपारी, आलं, चार लिंबं, प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा, आणि बसायला वर्तमानपत्र. वर्तमानपत्रावर बसलं की गाडी लागत नाही, हे तिला कोणी सांगितलं माहीत नाही, पण ती गेली तीस वर्षं त्यावर बसते आणि तीस वर्षं तिला गाडी लागते.

मी त्याच वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून आईसमोरच्या जाळीत खोचली. वारा येतोय की नाही ते पट्टी सांगेल. एकलहऱ्याला आम्ही असंच करतो, फक्त तिथे सुतळी असते. पट्टी फडफडत होती. आई सवयीप्रमाणे डोळे मिटून, तोंडावर पदर ओढून बसली होती. द्राक्षांचे मळे मागे पडले, शेतं विरळ झाली, डोंगर जवळ आले. पळस असे फुलले होते की मी गाणं म्हणू लागलो, आणि मंगलने मला थांबवलं नाही, यावरून दिवस किती चांगला होता ते कळावं.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर पट्टी लटकली.

मी दांडी खाली-वर केली. वारा काचेवर जाऊ लागला, मग पायाशी, मग कुठेच नाही. पंखा चारवर बोंबलत होता आणि वारा बेपत्ता. मी एका हाताने दांडी ओढतोय, दुसऱ्या हाताने वळण काढतोय, मंगल मागून "रस्त्याकडे बघा" म्हणतेय, आणि पदराआडून आईचा आवाज आला, "सुभाष, थांबव."

आई रस्त्याकडेला दगडावर बसली. पिशवीही वेळेवर उघडली गेली नाही. मंगल तिची पाठ चोळत होती आणि मी लिंबू कापायला चाकू शोधत होतो, जो आम्ही घरीच विसरलो होतो. शेवटी लिंबू दाताने फोडलं. आईचा चेहरा पांढरा पडला होता. तोंड पुसून ती म्हणाली, "मला घरी घेऊन चल. माझ्यानं नाय व्हायचं. अक्काला सांग, नाय जमलं."

अक्का म्हणजे मावशी. मला रडू येत होतं आणि माझाच राग येत होता, कारण तीन शेजाऱ्यांना बातमी मी सांगितली होती आणि किंमत आई मोजत होती. मंगल म्हणाली, "आई, मागं गेलो तरी वळणं हीच आहेत. करंजाळी जवळ आहे. तिथं पडा थोडं, कोरा चहा घ्या, मग तुम्ही म्हणाल तसं." आईने मान हलवली. काचा उघड्या टाकून, बैलगाडीच्या चालीने आम्ही करंजाळी गाठली.

करंजाळी

करंजाळीला चहाच्या टपरीमागे आंब्याची सावली होती आणि टपरीवाल्याने आईसाठी लगेच बाकडं मोकळं करून दिलं. बाजूच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. आई तशाही अवस्थेत एका कुशीवर वळून त्यांच्याकडे पाहू लागली. "ही कोणत्या देवाला वाहतात?" तिने अंगणातल्या बाईला विचारलं. बाई हसली. "देवाला कशाला? खायला. भाजून खातो, भाकरीत घालतो." आईचं अख्खं आयुष्य फुलं पिकवण्यात गेलं, पण आमच्याकडे फूल पोटात जात नाही. तिने एक तोंडात टाकलं, चघळलं आणि म्हणाली, "गोड हाय. आपण उगाच सगळी देवालाच देतो."

मी गाडीचं बॉनेट उघडून उभा होतो. बॉनेट उघडून काहीही होणार नव्हतं, पण माणूस बंद पडलेल्या गाडीपुढे दुसरं काय करतो? तेवढ्यात शेजारच्या ओसरीवरून पेटीचा एकच सूर ऐकू येऊ लागला. लांबायचा, मध्येच दम तुटायचा, पुन्हा लांबायचा. डोकावलो, तर साठीचा एक किडकिडीत माणूस भजनी मंडळाची पेटी उघडून बसला होता आणि भात्याच्या घड्यांवर ओलं बोट फिरवत होता. देवराम त्यांचं नाव. आसपासच्या सगळ्या पाड्यांवरच्या पेट्या दुरुस्तीला त्यांच्याकडेच येतात, असं चहावाल्याने सांगितलं.

"काय झालंय?" मी विचारलं.

"वारा चोरीला जातोय," ते म्हणाले. "भाता बरोबर हाय, सूर बरोबर हाय. मधीच कुठंतरी पळतोय."

मी म्हणालो, "माझंही तेच झालंय." आणि त्यांना सगळी कहाणी सांगितली, आईपासून मावशीपर्यंत, एकलहऱ्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग पेटी झाकली आणि उठले. "गाडीतलं मला काय कळत नाय, भाऊ. पर वारा म्हणता तर बघू."

आत बसल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते पंखा चारवरून एकवर आणण्याचं. मी म्हटलं, "अहो, चारवर येत नाही तर एकवर काय येणार?" ते म्हणाले, "जोरात भाता मारला की चूक ऐकूच येत नाय. पेटी तपासायची तर हळू." तीन गॅरेजवाले आणि मी, चौघांनीही गाडी फक्त चारवर तपासली होती.

मग त्यांनी चहावाल्याकडून उदबत्ती मागवली. पेटवून ती जाळ्यांजवळ, डॅशबोर्डच्या फटींजवळ, काचेखालच्या लांब खाचेजवळ हळूहळू फिरवली. धूर कुठे ढकलला जातो आणि कुठे सरळ वर जातो, ते पाहत राहिले. काचेखालच्या खाचेत उजवीकडे धूर ढकलला जात होता, डावीकडे जागच्या जागी घुटमळत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दांडी सरकवा. सावकाश." आणि डॅशबोर्डला कान लावला, डॉक्टर छातीला लावतात तसा. मी दांडी सरकवली. आत ठप्प असा आवाज आला. परत आणली. काहीच आवाज नाही.

"जाताना दार लागतं, येताना नाय लागत," ते म्हणाले. "दाराखाली काहीतरी हाय. लाकूड नाय, लोखंड नाय. मऊ हाय."

चाळीस फूट उंचावरच्या नळांतली झडप का अडकली ते मी खालून आवाजावर सांगतो. इथे वीतभर झडपेला कान लावायचं मला सुचलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून डाव्या बाजूचा कागदपत्रांचा खण स्क्रू काढून बाहेर घेतला. मागे काळी पेटी दिसली आणि हातभर आत, तिच्या अंगाला एक झाकण. ते आम्ही उघडलं. माझा हात आत जाईना. देवरामांचं मनगट पेटीच्या पट्ट्यांखाली हात घालून बारीक राहिलेलं, ते सहज गेलं. आत त्यांनी चाचपलं, थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं आत उंदीर आहे.

त्यांनी मूठ बाहेर काढली. झेंडू.

वाळून तपकिरी झालेला, पाण्याने भिजून पुन्हा वाळलेला, थरावर थर बसलेला झेंडू. दुसरी मूठ, तिसरी मूठ. निशिगंधाची देठं. कुंकवाने लाल झालेल्या अक्षता. अर्धी जळकी उदबत्ती. आणि अगदी तळाशी, एसीच्या पाण्यावर आणि काळोखात वाढलेले झेंडूचे पाच-सहा कोंब, दुधासारखे पांढरे. दीड वर्षं आई रोज काचेपाशी ओंजळभर फुलं वाहत होती आणि दीड वर्षं ती खाचेतून आत पडत होती. ज्या गाडीने आईला बहिणीकडे न्यायचं, तिची वाट आईनेच रोज सकाळी अंघोळ करून, हात जोडून बुजवली होती.

मंगल आधी हसली. मग मी, मग चहावाला, मग अंगणातली बाई, जिला काय झालं ते माहीतही नव्हतं. देवराम मात्र हसले नाहीत, ती मूठ तशीच जपून धरून उभे होते. आई बाकड्यावरून उठून आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर माझंच." मग आमच्याकडे पाहून ठणकावलं, "हसताय काय? खाली टाकू नका. निर्माल्य हाय ते."

आता आली पंचाईत. निर्माल्य पायदळी जाता कामा नये, ते वाहत्या पाण्यात सोडायचं. दीड वर्षाचं निर्माल्य ठेवायचं कशात? मंगलने शांतपणे आईच्या उलटीसाठी आणलेल्या कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा पुढे केला. तीन पिशव्या भरल्या. कोंब आईने वेगळे, ओल्या फडक्यात ठेवून घेतले.

झडपेच्या कडेची स्पंजची पट्टीही ओलीने कुजून गेली होती. देवरामांनी ओसरीवरून भात्याचं मऊ कातडं आणलं, कात्रीने बोटभर रुंद पट्टी कापली आणि सरसाने झडपेच्या कडेला चिकटवली. "पेटीला हेच लावतो. वारा काय, पेटीतला आन् गाडीतला सारखाच." माझी वायरही त्यांनी काढून टाकली आणि तार खाचेत नीट बसवली. वायरबद्दल ते काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

सरस वाळेपर्यंत पुन्हा चहा झाला. मग आईला मानाने पुढे बसवलं आणि मी पंखा सुरू केला. एकवर ठप्प, ठप्प, दोन्ही आवाज आले. दोन. तीन. मग चारवर टाकला आणि नळांत अडकून राहिलेला सगळा माल एकदम सुटला. वाळक्या पाकळ्या आणि अक्षतांचा फवारा सरळ आईच्या डोक्यावर, तोंडावर, मांडीवर. मागून मंगल म्हणाली, "शुभमंगल सावधान." आई डोळे मिटून, केसांत अक्षता घेऊन बसली होती, आणि तोंडावर गार वारा येत होता. पहिल्यांदा ती हसली, आणि मग तिला हसू आवरेना. त्या क्षणी मी इतका खुश होतो की गाडीचा हॉर्न उगाचच दोनदा वाजवला.

देवरामांना काय द्यावं याचा विचार करत होतो, तर आईनेच टोपलीतली ओंजळभर फुलं काढून त्यांच्या हातात दिली. "तुमच्या पेटीला वाहा," ती म्हणाली, आणि लगेच सावध होऊन पुढे बोलली, "पर आत पडू देऊ नका."

कोटंबीचा घाट

खरी परीक्षा पुढे होती. कोटंबीचा घाट समोर दिसला तसा मी आईला म्हणालो, "आई, मला रस्ता बघायचाय. तू पट्टीवर नजर ठेव. लटकली की सांग." हे मी निव्वळ माझ्या सोयीसाठी म्हणालो होतो. पण आईने जबाबदारी घेतली म्हणजे घेतली. पदर मागे टाकला, डोळे उघडे ठेवून ताठ बसली आणि दर वळणावर वर्दी देऊ लागली. "फडफडतेय. फडफडतेय. जरा कमी झाली. आता परत जोरात." मग जाळीच्या पट्ट्या कशा वळवायच्या ते तिला सापडलं. वारा थोडा मंगलकडे, थोडा माझ्या कानाकडे, पुन्हा स्वतःकडे. गाडीत कोणाला किती वारा मिळावा हे आता आई ठरवणार, हे आम्हाला कळून चुकलं.

अर्ध्या घाटात ती एकदम म्हणाली, "हे लाल झाड कसलं?"

"पळस," मी म्हणालो.

"एवढे?"

मंगल मागून म्हणाली, "आई, तुम्ही दहा वेळा तरी गेलात की या रस्त्याने." आईने पळसावरची नजर काढली नाही. "डोळं मिटूनच गेले ना," ती म्हणाली. मी आरशात पाहिलं, मंगल खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होती. पट्टीची वर्दी त्यानंतर बंद पडली. आई दरी बघत होती, डोंगरावरची झोपडी बघत होती, उताराच्या शेतात भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून राब भाजून ठेवलेला काळा तुकडा बघून, "इथं आग लागली होती का?" असं विचारत होती. आम्ही सांगत होतो. वाटेचं इतकं वर्णन मी आयुष्यात कुणाला करून सांगितलं नव्हतं.

पेठला थांबायचं ठरलं होतं, आईनेच नको म्हटलं. पुढे एका नदीचा पूल आला तेव्हा मात्र तिने गाडी थांबवली. ती आणि मंगल निर्माल्याच्या तीन पिशव्या घेऊन खाली उतरल्या आणि फुलं पाण्यात सोडून हात जोडून आल्या. रिकाम्या पिशव्या आईने घडी करून परत ठेवल्या. मला वाटलं, पुढच्या वळणांसाठी. ती म्हणाली, "चांगल्या हायत, बाजाराला होतील."

धरमपूर

हद्द ओलांडली की पाट्यांची अक्षरं बदलतात आणि चहात पुदिना येतो. आमच्याकडे चहात आलं नसेल तर पाहुणा रुसतो, इथे पुदिना आणि गवती चहा नसेल तर रुसत असावा. मावशीच्या दारात गाडी लागली तेव्हा बारा वाजून गेले होते. मावसभावाची बायको, हेतल, धावत बाहेर आली. तिच्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात लिंबाच्या सरबताचा पेला आणि खांद्यावर ओला टॉवेल होता. आईने बादलीला वळसा घातला, केसांतली राहिलेली अक्षत झटकली आणि टोपली घेऊन सरळ घरात गेली.

पुढच्या खोलीत मावशी पलंगावर बसली होती. तिच्या शेजारी आईसाठी गादी घातलेली, उशाशी पाण्याचा तांब्या, खाली पातेलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत आई या घरात दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकून आलेली. मावशीने गादी थोपटली. "ये, आधी आडवी हो. बोलू नको."

"आडवी कशाला होऊ?" आई म्हणाली. "मला भूक लागलीय. काय केलंयस जेवायला?"

मावशीने हेतलकडे पाहिलं, हेतलने जमिनीकडे. "बा, मासीसाठी तर पेज केलीय," हेतल हळूच सासूला म्हणाली. "बाकीच्यांना दाळ-भात आहे."

"पेज नको," आई म्हणाली. "आन् डाळीत तुम्ही गूळ घालता."

मावशी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "लग्न होऊन इथं आले तेव्हापासून," ती म्हणाली, "तू माझ्या घरी पहिल्या दिवशी कधी जेवली नायस, सुमन. एकदा पण नाय. मी दर वेळी तुझ्यासाठी पुरणाचं करायची आन् सगळं शेजारी वाटायची." आई तिच्या पलंगावर बसली आणि दोघी रडल्या. आम्ही तिघं दारात उभे होतो, कुणाला कुठे बघावं कळेना.

मग मावशीने डोळे पुसले आणि वॉकर मागितला. ऑपरेशननंतर ती स्वयंपाकघरात गेली नव्हती. वॉकर पलंगाशेजारी फक्त मोरीपर्यंत जायला होता. हेतल म्हणाली, "बा, तुम्ही नको, मी करते." मावशीने तिला हाताने बाजूला केलं. एक हात वॉकरवर, एक हात आईच्या खांद्यावर, अशी ती पाऊल पाऊल करत चुलीपर्यंत गेली. तिला उंच खुर्ची दिली. तिने नागलीचं पीठ मागितलं, वालाची आमटी झणझणीत करायला हेतलला बजावलं आणि पहिली भाकरी थापली. आई ताट घेऊन शेजारी बसली होती. तव्यावरून उतरलेली ती भाकरी सरळ तिच्या ताटात पडली, दुसरीही तिच्याच ताटात पडली, आणि आम्ही सकाळपासून उपाशी आहोत हे दोघींपैकी कोणाच्याही ध्यानात नव्हतं.